मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप

भामरागड तालुक्यात शिक्षक म्हणून मी नऊ पावसाळे काढले आहेत. तेथे कोणालाही ताप आला की आशाताई बोटाला सुई टोचून किटवर रक्ताचा थेंब घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत हिवतापाचे निदान सांगतात. ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ चार दिवसांसाठी आला आणि पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढल्याने आठवडाभर अडकला. नागपूरला परतल्यावर दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. जवळच्या दवाखान्यात टायफॉइडची औषधे सुरू झाली. कुठे जाऊन आलात, हे कोणी विचारले नाही आणि यानेही सांगितले नाही. चौथ्या दिवशी तो असंबद्ध बरळू लागला, संध्याकाळी त्याला झटका आला आणि नंतर शुद्ध अशी आलीच नाही.

मी पोहोचलो तेव्हा तो मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होता. रक्तात फॅल्सिपॅरम हा हिवतापाचा परजीवी सापडला होता, साखर 42 पर्यंत उतरली होती आणि मेंदूज्वराची शंका फेडण्यासाठी पाठीतले पाणीही तपासायला गेले होते. डॉक्टरांनी सांगितले की हिवतापाच्या फारच थोड्या रुग्णांचा आजार या थराला जातो. पण परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसल्या, की उपचार मिळूनही शंभरांतले पंधरा ते वीस जण दगावतात. वारंवार हिवताप झेललेल्यांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती येते, ती याच्याकडे कुठून असणार?

पूर्वी अशा रुग्णांना क्विनाइन देत. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र हिवतापाचे क्विनाइनवरील 22 टक्के, तर आर्टेसुनेटवरील 15 टक्के रुग्ण दगावले होते. भावाला आर्टेसुनेटच दिले; वजन साठ किलो, म्हणून एका वेळेस 144 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच कुप्या. पांढरी पूड द्रावणात विरघळून स्वच्छ होईपर्यंत सिस्टर कुपी हलवत राहत. दाखल होताच पहिला डोस, मग बाराव्या आणि चोविसाव्या तासाला, पुढे रोज एक.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि विचारले, "दादा, पूल सुरू झाला का?"

घरी सोडताना दर आठवड्याला रक्त तपासायला बजावले होते, कारण आर्टेसुनेटनंतर काही जणांच्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात. दुसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन साडेआठवर आले, मग सावकाश चढले. चौथ्या तपासणीला तो स्वतः मोटारसायकल चालवत गेला, त्यावरून माझी बोलणी खाल्ली.