दोघांनाही ‘तुमचंच बरोबर’

मी कोच आहे. माझ्याकडे येणाऱ्या व्यवस्थापकांना मी पहिल्याच भेटीत सांगते की इथे सल्ला मिळणार नाही. प्रश्न मिळतील, उत्तर तुमचं तुम्हाला शोधावं लागेल. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि सल्ला ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला. आता बरेच जण माझ्याकडे येण्याआधी तिथे विचारून आलेले असतात. मला त्यात वावगं वाटत नाही. पण मे महिन्यातली एक भेट मला सांगावीशी वाटते. संबंधितांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

हे गृहस्थ नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे यंत्रानं दाबून धातूचे भाग घडवणाऱ्या विभागाचे, उत्पादनप्रमुख. रात्रपाळीतलं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढत होतं आणि त्या शिफ्टच्या जुन्या सुपरवायझरला लाइनवरून काढून स्टोअर्सला पाठवा, असं वरून सांगणं आलं होतं. ते सुपरवायझरला कसं सांगायचं, यासाठी आमची भेट होती. हे आले ते चॅटबॉट ॲपकडून लिहून घेतलेल्या मसुद्याचा प्रिंटआउट घेऊनच. “मॅडम, एकदम पक्कं करून आणलं. काय बोलायचं, कोणत्या क्रमानं, ते चिडले तर काय म्हणायचं, सगळं आहे यात.”

मी सावकाश वाचलं. मसुदा खरोखरच चांगला होता. आधी आकडे, मग कारण, मग समोरच्याला बोलायला जागा. ज्या छोट्या कारखान्यांना कोच परवडत नाही, तिथल्या माणसाला मध्यरात्री एवढी मदत मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला ‘तुमचा निर्णय विचारपूर्वक आहे’ हे होतंच. शिवाय सुपरवायझरचं नाव, पंच नंबर (हजेरीचा क्रमांक), मागची अप्रेझल्स, सगळं त्यांनी त्यात जसंच्या तसं टाकलेलं.

तिथे मी प्रश्न विचारत बसले नाही, स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याच्या नोंदी अशा बाहेर द्यायच्या नाहीत. आमच्या व्यवसायात गोपनीयता ही पायाची अट आहे, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आचारसंहितेत ती आहे, आणि देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. त्यांनी तो संवाद माझ्यासमोरच डिलीट केला.

मग म्हटलं, नवीन चॅट उघडा आणि आता सुपरवायझर होऊन लिहा. नाव-गाव न घालता. त्यांनी लिहिलं: ‘मी इतकी वर्षं रात्रपाळी सांभाळली. मशीनचे नवीन कंट्रोल पॅनल आले तेव्हा मला कोणी शिकवलं नाही. आता मला स्टोअर्सला टाकून राहिले.’ उत्तर लगेच आलं. तुम्हाला अन्याय झाल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे, आपल्या भूमिकेवर ठाम राहा, आणि खाली लेखी तक्रारीचा नमुना.

“हा तर त्यांचीही बाजू घेऊन राहिला!”

घेणारच. ही मॉडेल्स घडवताना माणसांना कोणतं उत्तर आवडलं हेही वापरलं जातं, आणि आपल्या म्हणण्याला दुजोरा मिळालेला कोणाला आवडत नाही? एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलची एक नवी आवृत्ती फारच खुशामत करते म्हणून ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला काही दिवसांत मागे घ्यावी लागली होती. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी जगापुढे मांडलेला एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्राम तर समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायचे.

माझं लक्ष मात्र त्यांच्या मधल्या वाक्यावर अडलं होतं. “हे पॅनलचं कुठून आलं? या सगळ्या कागदांत ते कुठेच नाही.”

ते गप्प झाले. मीही बोलले नाही. अशा वेळी आपण बोललो की समोरचा सुटतो, आणि मला त्यांना सुटू द्यायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं. नव्या पॅनलचं ट्रेनिंग फक्त दिवसपाळीला झालं होतं. डिस्पॅचची घाई होती म्हणून रात्रपाळीचं राहू दे, असा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला होता. आणि ट्रेनी म्हणून ते या शॉपमध्ये आले, तेव्हा प्रेसचं काम त्यांना शिकवलं ते याच सुपरवायझरनं. एकदा यांच्या हातून डाय (प्रेसमधला साचा) तुटली, तर ती चूक सुपरवायझरनं आपल्यावर घेतली होती. हे ॲपला कळणार कसं? त्यांनी ते कधी लिहिलंच नव्हतं. मसुदा अगदी ठाकठीक होता, तो अर्ध्या हकिकतीवर उभा होता एवढंच.

त्यानंतरचं सगळं गोड झालं असं नाही. त्यांनी व्यवस्थापनाला जाऊन ट्रेनिंगचा निर्णय माझा होता असं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि रात्रपाळीसाठी ट्रेनिंग मंजूर करून घेतलं. सुपरवायझरशी ते कागद न घेता बोलले. रिजेक्शन उतरलं, पण हवं तेवढं नाही. शेवटी सुपरवायझरनीच डाय मेंटेनन्स मागून घेतलं आणि आता ते तिथे नव्या पोरांना शिकवतात.

उत्पादनप्रमुख अजूनही ॲपवर तयारी करतात. फक्त नावं घालत नाहीत, आणि आधी समोरच्याच्या बाजूनं लिहून बघतात.