त्याचे बाबाही उशिराच बोलले होते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी सांगलीत स्पीच थेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला दवाखान्यापेक्षा लग्नकार्यातच जास्त विचारला जातो. "मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. त्याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. आता बघा, पुण्यात आयटीत आहेत. दाखवायचं, की अजून थोडं थांबायचं?"

दाखवा. थांबू नका.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण थांबा म्हणणारी आजी काही खोटं बोलत नसते. दोन वर्षांपर्यंत जेमतेम चार शब्द बोलणारी कितीतरी मुलं शाळेत जाईपर्यंत बाकीच्यांना गाठतात. तिने तशी मुलं पाहिलेली असतात. पण बाबांचा दाखला ती ज्यासाठी देते त्याच्या नेमका उलट मी तो वाचते. घरात आधी कुणी उशिरा बोललं होतं का, हा प्रश्न आम्ही पहिल्या भेटीत मुद्दाम विचारतो, कारण बोलण्यातल्या अडचणी घराण्यात उतरतात. 'हो' असं उत्तर आलं तर मी जास्त बारकाईने बघते. शिवाय बाबा कधी बोलले ते सगळ्यांना आठवतं. बोलत नव्हते तेव्हा काय करायचे, ते कुणालाच आठवत नाही. मला हवं असतं ते नेमकं तेच.

कारण शब्द किती येतात हे मी पहिल्यांदा विचारतच नाही. बोट दाखवतो का, हे विचारते. "दाखवतो की!" असं लगेच उत्तर येतं, मग जरा खोदावं लागतं. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणं वेगळं आणि आभाळातल्या विमानाकडे बोट करून तुमच्या तोंडाकडे बघणं वेगळं. पहिल्यात मुलाला काहीतरी हवं असतं. दुसऱ्यात त्याला काहीच नको असतं. आपल्याला दिसलं ते तुम्हालाही दिसलं ना, एवढीच खात्री करायची असते. वर्ष-सव्वा वर्षाची बहुतेक मुलं हे करू लागतात: कावळा, पंखा, रस्त्यावरून जाणारी गणपतीची मिरवणूक. तोंडातून एक शब्द न काढता ती "आई, बघ" म्हणत असतात. काही मुलं हे करत नाहीत. त्यांना हवं ते मिळवता येतं, पण ती आईचं मनगट धरून तिचा हात पक्कड असल्यासारखा डब्यापर्यंत नेतात आणि तिच्याकडे बघतही नाहीत. आपल्या नावाला वळून बघणं हीही तशीच खूण आहे. वर्षाच्या आसपास ते पक्कं झालेलं असतं. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर त्याला दहा शब्द येतात की वीस, याने मला फारसा फरक पडत नाही. आणि शब्द एकही नसला, पण दिवसभर बोट करून, नजरेने गप्पा मारणारं मूल असेल, तर मी निम्मी निश्चिंत असते.

नुसत्या शब्दांवर मी का विसंबत नाही, ते ऑटिझममध्ये दिसतं. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या वाढीतला असा फरक, की मुलाला इतरांशी संवाद साधणं अवघड जातं. लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून त्याचं गाजलेलं सविस्तर वर्णन लिहिलं. त्यात 11 मुलं होती आणि त्यातली 8 बोलत होती! फक्त त्यांचं बोलणं कुणाला काही सांगण्यासाठी नव्हतं. ऐकलेली वाक्यं ती जशीच्या तशी म्हणत, 'मी'च्या जागी 'तू' वापरत. याची मराठी आवृत्ती मी नेहमी ऐकते. मुलाला तहान लागते आणि तो म्हणतो, "तुला पाणी हवंय का?" पाणी मिळण्याआधी दर वेळी हेच वाक्य कानावर पडलेलं असतं ना. त्यामुळे "पाढे येतात, एबीसीडी येते, जाहिराती तोंडपाठ आहेत" हे पालक कौतुकाने सांगतात तेव्हा मी विचारते, "पाणी कसं मागतो?" (मुलगा "मी जाते, मी येते" म्हणतो म्हणून काळजीत पडलेले बाबाही येतात. तो दिवसभर आईबरोबर असतो, आईसारखं बोलतो. त्याची काळजी नको.)

उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझमच, असं मात्र समजू नका. मी सगळ्यात आधी कान तपासायला पाठवते. इथे हमखास वाद होतो. "टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो, ऐकू येत नाही कसं म्हणता?" ऐकणं म्हणजे दिवा लागला किंवा विझला, असं नसतं. जाड, मोठे आवाज येतात आणि स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं मंदावतं. आवाजाला मेंदूकडून प्रतिसाद मिळतो का, हे यंत्राने मोजणाऱ्या बेरा तपासणीत मूल झोपलेलं असतं, त्याला काही सांगावं लागत नाही. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था ठाऊक असेल. बाकीच्यांना ही सोय बहुतेक मोठ्या शहरांत मिळते. कान ठीक निघाले तर मग बाकीचं: एकूण समज वयाच्या मागे आहे का, की फक्त भाषाच मागे आहे, की ऑटिझम आहे. याचा उलगडा कधी कधी पहिल्या भेटीत होतो, कधी काही महिने लागतात.

आता जे सल्ले तुम्हाला आधीच मिळाले असतील ते. वेखंड उगाळून चाटवल्याने बोलणं येत नाही. जीभ खाली चिकटलेली असली तर काही उच्चार अडतील, पण त्यामुळे मूल मुकं राहत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा 1998 चा शोधनिबंध अवघ्या 12 मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला. लसी वेळेवर द्या. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं मी म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभरापेक्षा जास्त नको. मोबाइल मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही, आणि बोलणं तर त्या वाट बघण्यातच शिकायचं असतं.

एका सल्ल्याने मात्र माझं डोकं फिरतं. "दोन भाषांमुळे गोंधळतोय, घरात फक्त इंग्रजी बोला." नर्सरीतून हे सांगितलं जातं आणि पालक मुकाट्याने ऐकतात. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. ज्याला अडचण आहे त्याला ती एका भाषेतही असते. या सल्ल्याने होतं काय, की घरात सगळ्यात जास्त बोलणारी आजी गप्प होते. आई अडखळत "कम, ईट, सिट" एवढंच बोलते आणि मुलाच्या कानावर दिवसभरात पडणारी भाषा निम्म्यावर येते. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, "अगंबाई, पडलास का!" असं सहज तोंडून निघतं, त्याच भाषेत बोला.

थांबू का, यामागे खरी भीती शिक्क्याची असते, हे मला कळतं. एकदा नाव पडलं की नातेवाइकांत चर्चा, शाळेत प्रवेशाची पंचाईत. पण काम सुरू करायला नावाची गरज नसते. अडीच वर्षांच्या मुलाशी कसं खेळायचं हे आम्ही पालकांना शिकवतो. तो आपोआप बोलणाराच असला तरी यात त्याचं काही बिघडत नाही. नाव निश्चित झालं तर त्याचा उपयोगही होतो, कारण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे आणि सवलती दिव्यांग प्रमाणपत्रावर मिळतात. पैशांचा प्रश्न खरा आहे, खासगी थेरपी महाग पडते. म्हणून अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला मूल जरूर दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्यात विकासातल्या विलंबासाठी जिल्हा पातळीवर मोफत तपासणी आणि उपचारांची केंद्रं आहेत. रांग असते, खेपा पडतात, तरी जा.

तोवर घरी एक बंद करा: परीक्षा. "हे काय? ते काय? काकांना नाव सांग. बोल ना, बोल!" न बोलणाऱ्या मुलाला दिवसभर हेच ऐकावं लागतं. त्याऐवजी तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल तुम्हीच दोन शब्द बोला. चुरमुऱ्यांच्या डब्याचं झाकण घट्ट लावून डबा त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा. मनात दहा अंक मोजा. तो तुमच्याकडे बघेल, डबा पुढे करेल, "अं" म्हणेल. ते मागणं आहे, लगेच उघडून द्या आणि "उघड" एवढंच म्हणा. दहा मोजणं पालकांना किती जड जातं ते बघण्यासारखं असतं.

येताना कानाचा रिपोर्ट असेल तर तो आणा आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा, कारण अनोळखी खोलीत मुलं वेगळीच वागतात. व्हिडिओत त्याला काही करायला सांगू नका, नुसता चालू ठेवा. आणि दिवसभर त्याच्याजवळ जे कुणी असतं त्यांना घेऊन या. आजी असतील तर आजींना, "थांबा" म्हणायला येणार असल्या तरी. बोट कधी दाखवायला लागला, हे बहुतेक वेळा त्यांनाच आठवतं.