तुम्ही विचारलंत म्हणून: मी रोख का बाळगते

"काकू, अजून नोटा मोजत बसता? कार्ड आहे, फोन आहे, मग पर्स एवढी फुगलेली कशाला?" हा प्रश्न मला घरातली मुलं विचारतात, दुकानात येणारी गिऱ्हाइकं विचारतात, सुट्टीला पुण्याहून आलेले भाचे तर हमखास विचारतात. बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या एका दुकानाचा हिशेब मी सांभाळते. नोटा, कार्ड, फोन, तिन्ही वाटांनी येणारे पैसे दिवसभर माझ्या नजरेखालून जातात. तेव्हा एकदा नीटच सांगते.

पैसे कसे द्यायचे हे मी माझ्या सोयीवर ठरवत नाही. ज्याला देते आहे, त्याच्या हातात ते कधी पडणार, किती पडणार आणि त्याला ते कशाला लागणार, एवढं बघते. मग कधी नोटा निघतात, कधी कार्ड.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी कडोलीकडच्या एक आजी भाजी घेऊन बसतात. मेथी, कोथिंबीर, शेपू, थंडीत ओला वाटाणा. त्यांच्या बुट्टीला क्यूआरचा पुठ्ठा सुतळीने बांधलेला आहे. गिऱ्हाईक स्कॅन करतं, "गेले बघा आजी" म्हणून फोन त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवतं आणि चालू लागतं. आजी मान डोलावतात. पैसे आल्याचं तुम्हाला कळतं कसं, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "नातवाच्या फोनवर जातंय की गं बाई. त्यो पुण्यात हाय." म्हणजे दुपारपर्यंत बुट्टी रिकामी होते, पण आजींच्या कनवटीला काही लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, चहापूड, वाफ्यासाठी बी, काहीही घ्यायचं तर पुण्याला फोन लावायचा. नातू गुणाचा आहे, मागितले की पाठवतो, असं त्या सांगतात आणि मला ते खरंच वाटतं. तरीही पहाटे उठून जुड्या बांधणाऱ्या बाईला स्वतःचेच पैसे मागून घ्यावे लागावेत, हे मला सहन होत नाही. म्हणून त्यांना मी नोटाच देते, त्याही दहा-वीसच्या, कारण सकाळी शंभराचे सुट्टे त्यांच्याकडे नसतात. नोट घेतली की त्या ती डोळ्यांजवळ धरतात, अंगठ्याने घडी उलगडतात आणि पोलक्याच्या आतल्या खिशात सारतात.

यावर उपाय नाही असं नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार ज्या खात्यात जमा होतात, ते खातं आजींच्याच नावावर आहे. त्याच खात्याचा क्यूआर काढून बुट्टीला लावता येतो. त्यासाठी खात्याला त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि रक्कम मोठ्याने सांगणारा डबा बाजूला असला तर फारच बरं. तुमच्या ओळखीत अशी कोणी भाजीवाली, फुलवाली असेल तर तिच्या घरच्यांशी एवढं जरूर बोला.

बसचं थोडक्यात सांगते. पूर्वी सुट्ट्या पैशांची सगळ्यात मोठी कटकट बसमध्ये असायची. कंडक्टर "चिल्लर कोडरी", म्हणजे सुट्टे द्या, म्हणत यायचा, बाकी रक्कम तिकिटामागे पेनाने लिहून द्यायचा आणि उतरायच्या गडबडीत ती मागायची राहून जायची. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये आम्हा बायकांना शून्य तिकीट आहे, आधार दाखवलं की झालं. खानापूरहून रोज कामाला येणाऱ्या आमच्या दुकानातल्या मुलीला याचा केवढा आधार झाला, ते मी बघते आहे.

आता दुकानाच्या बाजूने. गिऱ्हाईक फोनवरून थेट बँकखात्यातून पैसे देतं किंवा रुपेचं डेबिट कार्ड वापरतं, तेव्हा जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून काही कापलं जात नाही. इतर डेबिट कार्डांवर वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्यावरच्या दुकानाला ०.९० टक्के पडतात. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही, तिथे कपात बरीच जास्त असते. इरकलची साडी घासाघीस करत शेवटच्या भावाला आणायची आणि मग क्रेडिट कार्ड पुढे करायचं, हे म्हणूनच मला योग्य वाटत नाही. मोठ्या शोरूमला ते झेपतं. गल्लीतल्या दुकानाचा त्या साडीवरचा नफाच तेवढा असतो.

जुलै २०२५ मध्ये फोनवरच्या व्यवहारांचे आकडे पाहून राज्याच्या कर खात्याने छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी घरोघरी वाचली गेली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, पण नोटीस हातात पडली की माणूस घाबरतोच. बेंगळुरात दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. कर चुकवू नये, या मताची मी आहे आणि आमच्या दुकानात प्रत्येक साडीचं बिल फाडलं जातं. पण त्या दिवसांत एखाद्या हातगाडीवाल्याने "ताई, रोखच द्या" म्हटलं, तर मी त्याच्याशी वाद घातला नाही.

एवढं ऐकून मी कार्डाच्या विरोधात आहे असं समजू नका. हॉस्पिटलची अनामत, पेट्रोल, रेल्वेचं आरक्षण, फ्रिज-मिक्सर, हे सगळं मी कार्डावरच करते. बिल राहतं, तारीख राहते, भांडायची वेळ आली तर पुरावा राहतो. पर्स हरवली तर त्यातल्या नोटा गेल्या म्हणून समजायच्या. कार्ड हरवलं तर एका फोनवर बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमच आहे: चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि व्यवहाराचा बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तेव्हा तो मेसेज आला की लगेच वाचत जा. पिनशिवाय टेकवून पाच हजारांपर्यंत पैसे जातात, ती सोय नको असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येते. मी बंद ठेवली आहे.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जायचं असेल तर मात्र रोख हवीच. तिथल्या रानात रेंज जाते, पावसाळ्यात वीजही जाते, आणि चहावाल्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

शेवटी खास सीमाभागातल्यांसाठी एक गोष्ट, कारण ती इतरांना फारशी भेडसावत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोल्हापूरच्या वाटेवर, राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या तपासतात, आणि ५० हजारांच्या वर रोख कागदपत्रांशिवाय सापडली तर ताब्यात घेतात. आपल्याला दोन राज्यांच्या निवडणुका लागतात. कर्नाटकची विधानसभा मे २०२३ मध्ये झाली, २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभा, त्याच नोव्हेंबरात महाराष्ट्राची विधानसभा. लग्नाचा बस्ता बांधायला किंवा गुजरीत सोनं घ्यायला कोल्हापूरला निघालात तर त्या काळात रोख नेऊच नका. सोनाराला एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून तशीही बंदी आहे. न्यावीच लागली तर बँकेतून पैसे काढल्याची पावती आणि लग्नपत्रिका जवळ ठेवा. जप्त झालेली रक्कम कागद दाखवल्यावर सोडतात, पण तोवर मुहूर्त टळून गेलेला असू शकतो.