तिच्या नावावर आधीच मत पडलं होतं

७ मे २०२४. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघाचं मतदान. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान झालं, ५० मतं टाकून जुळवली, मशीन क्लिअर करून सील केलं आणि सातला मतदान सुरू झालं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत.

उन्हं चढल्यावर एक मासे विकणारी मावशी आली. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत नाव काढलं, तर त्याखाली आधीच रेघ मारलेली. "तुमचं मतदान झालंय," तो म्हणाला.

"मी आत्ता इलंय. मगे माझा मत दिल्यान कोणी?"

मागे रांग खोळंबली. एक एजंट म्हणाला, "सर, यादीत झालंय म्हणजे झालंय. पाठवा परत." मला राग आला. रांग पुढे सरकावी म्हणून एका बाईचा हक्क बाजूला सारायचा? मी तिला माझ्या टेबलाशी बसवलं.

ओळखपत्रावरचा फोटो तिचाच. डाव्या तर्जनीवर शाईचा डागही नाही. नवऱ्याचं नाव, वाडी, घरात आणखी कोण मतदार, सगळी उत्तरं यादीशी जुळली. मग मतदारांच्या सह्या-अंगठ्यांची १७-अ ची नोंदवही उघडली. तिच्या अनुक्रमांकासमोर पेनाने केलेली सही होती. मावशी अंगठा उठवणारी.

अशा वेळी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला ४९-पी लागू होतो. मतदाराला मशीनवर मत देता येत नाही, पण प्रदत्त मतपत्रिका मिळते, म्हणजे नावावर आधीच मत पडलेल्या मतदारासाठीची कागदी मतपत्रिका. ती द्यायची की नाही हा केंद्राध्यक्षाच्या मर्जीचा प्रश्न नाही. ओळख पटली की द्यावीच लागते. मी अशा मतदारांच्या यादीत, १७-ब मध्ये, तिचा अंगठा घेतला आणि मतपत्रिका काढली.

"सगळे मशीनीर देतत, माका कागद कित्याक?" आणि लगेच, "ह्या मत मोजतले मां?"

खोटं सांगून तिची समजूत काढणं मला जमलं नसतं. म्हटलं, "मावशी, नेहमीच्या मोजणीत हे धरत नाहीत. पाकिटात सीलबंद राहतं. निकालाचा वाद कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं, तर उघडतात." २००८ साली राजस्थानात नाथद्वारा विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले होते, आणि तिथला प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेही तिला सांगितलं. एका मताचा हिशोब तिला समजावून सांगावा लागला नाही.

"द्येवा तो कागद, गुरुजी."

आडोशाला जाऊन तिने बाणफुलीचा शिक्का मारला, घडी घालून कागद माझ्या हातात दिला. तिच्यादेखत तो वेगळ्या पाकिटात ठेवला. घडला प्रकार डायरीत नोंदवला आणि क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन करून कळवला. त्यानंतर प्रत्येकाचं बोट आणि फोटो मी स्वतः पाहत होतो. रांग हळू सरकली, लोक कुरकुरले, पण कुणी परत गेलं नाही.

सहाला फाटक बंद करून, आत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्यांचं मतदान आटोपल्यावर मतांच्या हिशोबाचा नमुना १७-सी भरायला घेतला. प्रदत्त मतपत्रिकांच्या रकान्यात बरेचदा शून्यच पडतं. मी तिथे १ लिहिला, एजंटांना मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रती दिल्या. "पाठवा परत" म्हणणाऱ्यानेही पोच म्हणून सही केली.