काळ्यात मिसळलेले तीन रंग

दिवाळी अंकांच्या हंगामात छापखान्यातून फोन आला की पोटात गोळाच येतो. फोरमन काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या जाहिरातींची अक्षरं फुटतायत. मशीन थांबवलंय." मशीन थांबलंय म्हटल्यावर अंधेरीत बसून लॉग वाचण्यात अर्थ नव्हता. लोकल पकडून लोअर परळचा गाळा गाठला.

टेबलावर रंग जुळवताना निघालेले ताव पडले होते. सराफाच्या जाहिरातीतला अटी-शर्तींचा बारीक मजकूर मला नुसता जाडसर दिसला. काकांनी भिंग हातात दिलं. अक्षराच्या एका अंगाला गुलाबी कड, दुसऱ्या अंगाला निळसर.

"काळा मजकूर एकाच प्लेटवर हवा. हा चारही प्लेटांवर उतरलाय. कागद केसभर सरकला की रजिस्टर गेलंच." प्रत्येक शाईची प्लेट वेगळी; चारही छाप तंतोतंत एकमेकांवर बसणं म्हणजे रजिस्टर.

एजन्सीची मूळ फाइल उघडली. सीएमवायके जेपेग, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), यलो आणि ब्लॅक या छपाईच्या चार शायांत मांडलेलं चित्र; मजकूर १०० टक्के काळा, बाकी तिन्ही रंग शून्य. आमच्या स्क्रिप्टमधून बाहेर पडलेली फाइल मात्र आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या मापात! पानाची पीडीएफ करताना तिचं परत सीएमवायके झालं आणि त्या काळ्याचे आकडे निघाले सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९०. बेरीज ३०० टक्के. वर्तमानपत्री कागदासाठी एकूण शाईची मर्यादा साधारण २४० टक्के धरतात. अंकाचा कागद त्याहून बरा असला, तरी बारीक अक्षराला एवढी शाई कशाला?

स्क्रिप्टचं काम साधं होतं. येईल ती जाहिरात कॉलमच्या मापात ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) आणायची, पायथन भाषेतल्या चित्रं हाताळणाऱ्या पिलो लायब्ररीने. रिसाइझच्या आधी एक ओळ होती : कन्व्हर्ट आरजीबी. ती कुणी आणि का घातली, हे जुन्या नोंदींत सापडलं. दुकानदार वेबसाइटवरचे लोगो पीएनजीत पाठवायचे. त्यांतले काही पॅलेटवाले (ठरावीक रंगांच्या यादीवर चालणारे), काही पारदर्शक. असे मोड, म्हणजे रंग साठवण्याच्या पद्धती, जेपेगमध्ये सेव्ह करायला गेलं की पिलो एरर देते. मग सगळ्यांनाच आरजीबी करून टाकलं. ओळ लिहिणारा मूर्ख नव्हता, त्याच्यासमोर छपाईच्या फाइली आल्याच नसाव्यात.

गंमत म्हणजे सीएमवायकेला त्या ओळीची गरजच नव्हती. पिलो त्याच मोडमध्ये रिसाइझ करते, आणि प्रत्येक चॅनेलचं, म्हणजे एकेका शाईच्या थराचं, गणित वेगळं चालतं. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढताना सायनच्या चॅनेलमध्ये सगळी शून्यंच असतील तर उत्तरही शून्यच. अक्षराची कड करडी झाली तरी ती एकट्या काळ्या शाईचीच राहते. ओळ काढून तीच जाहिरात पुन्हा चालवली. तिन्ही चॅनेल मजकुराच्या जागी स्वच्छ.

पण नव्या फाइलमधून रंगांचं प्रोफाइल, म्हणजे हे आकडे नेमके कोणते रंग ते सांगणारी माहिती, गायब होतं. जेपेग सेव्ह करताना पिलो आयसीसी प्रोफाइल आपणहून पुढे नेत नाही, मूळ चित्रातून काढून हातात द्यावं लागतं. तेही केलं. काकांना हे सांगायला गेले, तर ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, मला प्लेट कधी मिळणार ते सांगा." बरोबरच होतं त्यांचं.

नव्या प्लेटांचा ताव त्यांनी भिंगाखाली धरला, आडवा, मग उभा, आणि मशीनवाल्याला हात केला.

पॅलेटवाल्या लोगोंची सोय वेगळी करावी लागली. तिथे पिक्सेलमध्ये रंग नसतो, रंगाच्या यादीतला क्रमांक असतो. क्रमांक ३ आणि ७ यांची सरासरी ५ निघेल, पण पाचव्या जागी पोपटी असला तर? म्हणून पिलो अशा चित्रांत सरासरी न काढता जवळचा पिक्सेल उचलते आणि कडा करवतीसारख्या निघतात. ते लोगो तेवढे आरजीबी करून लहान करतो. आमच्या मॅनेजरला एकच नियम सगळ्यांना लावायचा होता. मी ऐकलं नाही.

आता स्क्रिप्ट आधी मोड बघते. ओळखीचा नसेल तर फाइल बाजूला ठेवून निरोप पाठवते. चॅनेलमागे १६ बिटांचं, म्हणजे जास्त बारीक छटांचं, स्कॅन आलं तरी तेच, परस्पर ८ बिटांवर उतरवत नाही.