धायरी, सिंहगड रोड

आमची धायरी पुण्यात एकदम आली नाही. काही भाग आधीच महापालिकेत गेला होता, उरलेला 2017 मध्ये गेला. मधल्या काळात एकाच गावातले काही जण पालिकेचा मिळकतकर भरायचे, काही ग्रामपंचायतीची घरपट्टी. जून 2021 अखेर शेजारची नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला धरून आणखी 23 गावं घेतली. त्यांचे सरपंच गेले आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेचीच मुदत संपली. निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये! तोवर तिथल्या माणसाने पाण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं?

माझे सासरे ग्रामपंचायतीचे सदस्य होते. नळ आला नाही की बायका सरळ आमच्या ओट्यावर यायच्या. कुठला नळ हे सांगायला बेनकर वस्ती, रायकर मळा एवढं पुरायचं. आता पत्त्यात सोसायटीचं नाव, विंगचं अक्षर आणि शेवटी 'सिंहगड रोड'. फ्लॅटच्या जाहिरातीतही तेच. प्रभागरचनेत धायरी 33 आणि 34 अशा दोन प्रभागांत वाटली गेली. नांदेडचं तर त्याहून वाईट झालं. शेजारच्या टाउनशिपने गावाचं नाव घेतलं आणि 2024 मध्ये पोलीस ठाणं झालं तेही 'नांदेड सिटी' नावाने.

जानेवारी 2025 मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा मात्र नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं घराघरांत पोचली. समाविष्ट होऊन इतकी वर्षं झाली, तरी नांदेडच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून येत होतं. याचा राग अजून जात नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2024 मध्ये बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मला बाहेर पडायचं नाही. एवढ्या इमारतींचं ड्रेनेज ग्रामपंचायतीला झेपणारं नव्हतंच. पण रस्त्यांना आणि चौकांना नावं देणारी नाव समिती महापालिकेत आहे. तिने नवी पाटी लावण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून वस्त्या, मळे, ओढे, पाणंदी यांची नावं नकाशावर उतरवून घ्यावीत. आमच्या गल्लीची यादी मी सासऱ्यांकडून लिहून घ्यायला लागले आहे. ओढ्यांपासून सुरुवात केली, कारण त्यांच्यावरच सगळ्यात आधी भराव पडतोय.