रिपोर्ट नॉर्मल, मग हे काय?

मी मुद्रितशोधन करते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सुटलेले कंस पकडण्यात माझा दिवस जातो. कोविडचा ताप गेला, खोकला गेला, पण ती नजर काही परत आली नाही. ओळ वाचत पूर्णविरामापर्यंत पोचते तोवर कर्ता कोण होता ते निसटलेलं असतं. एका प्रुफात ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच परिच्छेदात आले. कितीतरी वेळ बघत बसले, कुठला कुठे हवा ते ठरेचना.

एमआरआय केला, नॉर्मल. रक्त तपासलं, तेही नॉर्मल. वर ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला फुकट.

नॉर्मल म्हणजे काय, हे मला उशिरा कळलं. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पातल्या 785 जणांच्या मेंदूचे स्कॅन दोनदा काढले होते. दोन स्कॅनच्या मधल्या काळात त्यांतल्या 401 जणांना कोविड झाला, बहुतेकांना सौम्यच. 2022 मध्ये निष्कर्ष छापून आले: वासाशी संबंधित भागांमधली झीज या लोकांत इतरांपेक्षा थोडी जास्त होती. फरक इतका बारीक की शेकडो स्कॅन ताडून पाहिले तेव्हा कळला. माझ्या एकटीच्या फिल्ममध्ये तो कुणाला दिसणार? गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढंच ती फिल्म सांगते. (तेवढंही कमी नाही म्हणा.)

वासाचं म्हणाल तर कॉफी अजून जळक्या रबरासारखी येते. नाकाला पुन्हा सवय लागावी म्हणून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगते. लवंग ओळखू येते, गुलाबाचा पत्ता नाही.

खरा छळ वेगळाच आहे. एखाद्या दिवशी बरं वाटतं, उत्साहात चार कामं उरकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवी होते. मग घरचे म्हणतात, “परवा तर चांगली होतीस!” परवा चांगली होते म्हणूनच आज अशी आहे, हे समजावण्यातही दम लागतो. ‘जोर लावून व्यायाम कर, बरं वाटेल’ म्हणणाऱ्यांना तर मी हल्ली उत्तरच देत नाही.

आता स्क्रीनवरचं काम बंद केलंय. कागदी प्रूफ मागवते, ओळीखाली पट्टी ठेवते, गजर लावते. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठते. प्रकाशकांनाही सांगून टाकलंय, मुदत दुप्पट देणार असाल तरच पुढचं पुस्तक पाठवा. एकाने पाठवलं, दुसऱ्याचा अजून फोन नाही.